काळा समुद्र मोकळा

दौंडच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये कॅरमच्या कपाटात, खालच्या फळीवर एक चपटा खोका होता. एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर बायकोमुलांसह ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा त्याच्या बंगल्यातलं नको असलेलं सामान इन्स्टिट्यूटला आलं. त्यात हा खोका. आत जाड पुठ्ठ्यावर युरोपाचा जुना नकाशा, आणि लाकडाची रंगीत सैन्यं नि जहाजं. हरवलेल्या सैन्यांच्या जागी पुढं चिंचोके आले, शर्टाची बटणं आली. खेळाचं इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसलं नाही. सगळे त्याला नकाशा म्हणत.

लढाईचा खेळ, पण फासे नाहीत. प्रत्येकाकडं एकेक राज्य. चाल लिहायच्या आधी बोलायला वेळ असायचा. दोघादोघांनी उठून व्हरांड्यात जायचं, कडुनिंबाखाली जायचं, तू इकडनं ये, मी तिकडनं येतो असं ठरवायचं. मग आपापल्या चिठ्ठीवर हुकूम लिहून ती स्टीलच्या डब्यात टाकायची. सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. जे बोललं तेच लिहिलं पाहिजे असा नियम नव्हता. एकाच जागेवर दोघं सारख्या ताकदीनं चालून आले तर धडक व्हायची आणि दोघंही माघारी जायचे. पुढं सरकायला दुसऱ्याचा टेकू लागायचा. त्यामुळं मित्राशिवाय कुणाला जिंकता येत नसे, आणि मित्र उभा असेपर्यंतही जिंकता येत नसे.

हनुमंत दौंडच्या यार्डात पॉइंट्समन होता, रुळांचे सांधे बदलायचा. राहायला खुटबावच्या धनगरवस्तीवर, तिथून गाडीनं ये-जा. रविवारी सुट्टी असली की तो नकाशाला बसायचा, आणि त्याच्याबरोबर यायचा विक्रम. विक्रम म्हणजे गावातल्या हौसराव आप्पांचा मुलगा. आप्पांची जमीन गावात सगळ्यात मोठी. दोघं एका शाळेत शिकलेले. वर्गात एका बाकावर, नकाशावर शेजारच्या राज्यांत. विक्रमचा रशिया, हनुमंताचं तुर्कस्तान. उरलेल्यांत पार्सल ऑफिसातला जयसिंग ऑस्ट्रिया घ्यायचा, निवृत्त गार्ड पोपटराव इंग्लंड आणि लोकोशेडमधला खंडू फ्रान्स. दोन राज्यं बिनधन्याची पडून राहायची.

रशिया आणि तुर्कस्तान यांच्या मधे काळा समुद्र. वरच्या काठाला सेवास्तोपोल, तिथं विक्रमचं जहाज. खालच्या काठाला अंकारा, तिथं हनुमंताचं. त्या दोघांचा सगळा डाव पहिल्याच चालीत ठरायचा, कारण जो समुद्रात शिरेल त्याची तलवार दुसऱ्याच्या मानेवर. हनुमंत नव्या माणसाला समजावून सांगायचा, "हितं तीनच गोष्टी घडत्यात. एक, दोघांनी ठरवून समुद्र मोकळा सोडायचा. दुसरी, दोघांनी ठरवून धडक घ्यायची. दोघंबी माघारी, कुणाचं काय जात न्हाई. आन् तिसरी तुमाला ठावं हाय." तो आणि विक्रम कायम पहिलंच करायचे. धडक ही ज्यांचा एकमेकांवर भरवसा नाही त्यांनी घ्यायची, असं हनुमंतच म्हणायचा. समुद्र मोकळा ठेवून दोघं खाली ऑस्ट्रियावर उतरायचे आणि जयसिंग शिव्या देत उठायचा.

शेवटी मात्र रशिया मोठा व्हायचा. दर खेपेला. तुर्कस्तान त्याच्या कडेला उभं.

"तू जल्मभर मालकाच्या रानाला राखण बसणार, हणमंता," जयसिंग म्हणायचा. "रशिया खातोय आन् तू मेंढरं वळतोय."

हनुमंत हसून सोडून द्यायचा. पण असलं बोलणं कुसळासारखं असतं. कपडा झटकला तरी कुठंतरी राहतं.

आता वाटेचं सांगितलं पाहिजे.

धनगरवस्ती पाच घरांची. वस्ती आणि गावचा रस्ता यांच्या मधे हौसराव आप्पांचं काळं रान. बहात्तरच्या दुष्काळात हनुमंताचे वडील गेणबा मेंढरं घेऊन परत आले ते याच रानाच्या टोकाला टेकले. तेव्हा आप्पांनी रानातून बैलगाडी जाईल एवढी वाट सोडली, आणि गेणबांनी दर साल आपली मेंढरं आप्पांच्या रानात बसवायचं कबूल केलं. मेंढरांच्या लेंडीखताला तेव्हा सोन्याची किंमत होती. कागद झाला नाही. घोंगडी अंथरली, तिच्यावर बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा ठेवला. दोघांनी चिमूट उचलून कपाळाला लावली आणि शब्द दिला. बेलभंडारा उचलला की विषय संपला. गेणबांनी उभं आयुष्य असंच काढलं होतं. कुणाच्या रानात किती दिवस मेंढरं बसवायची, धान्य किती घ्यायचं, सगळं भंडाऱ्यावर. कोकणच्या वाटेवरच्या परक्या गावांतही "गेणबा बोलला का, मग झालं" असं म्हणत.

पुढं मेंढरं विकली गेली. वस्तीवर जर्सी गाई आल्या, दुधाचे कॅन त्याच वाटेनं डेअरीला जाऊ लागले. वाट चालू राहिली. मग एका वर्षी भाद्रपदात हौसराव आप्पा गेले.

गेणबांना तेव्हापासून चैन पडेना. शब्दाची एक बाजू गेली होती आणि दुसरी म्हातारी झाली होती. एक दिवस ते विक्रमकडं जाऊन ओट्यावर बसले.

"बाळा, आप्पाचा आन् माझा शब्द. आता तुझा आन् हणमंताचा व्हऊ दे. मी डोळ्यानं बघतो, म्हंजी सुटलो."

"आबा, तुम्ही सांगायचं आन् मी नको म्हणायचं व्हय?" विक्रम म्हणाला. "सटीला करू. खंडोबाचा दिस."

चंपाषष्ठीला अजून अवकाश होता. हनुमंतानं मधे एक दिवस रजा काढून जेजुरी केली आणि शपथेसाठी ताज्या भंडाऱ्याची पुडी आणली. ती पुडी खिशात घेऊनच तो दुसऱ्या दिवशी, रविवारी, नकाशाला गेला. घरी ठेवायला विसरला होता. आता विसरला म्हणायचं की देवानं त्याला घेऊन जायला लावलं म्हणायचं, ते त्या जेजुरीवाल्यालाच माहीत.

त्या दिवशी जयसिंगानं बोलायच्या वेळात हनुमंताला आधी गाठलं. कडुनिंबाच्या पाराशी नेऊन म्हणाला, "एकदा तरी समुद्रात घूस. मी वरनं, रशियाच्या कडेच्या गॅलिशियातनं येतो. हिवाळ्याच्या आत सेवास्तोपोल तुझं. का मालक रागावतील?"

"मालक कुणाचा कोण?"

"मग घूस की."

हनुमंत पारावरनं माघारी वळला. व्हरांड्यात विक्रम वाट बघत होता. त्यानं सरळच विचारलं.

"हणम्या, आज धडक घेऊ. तूबी समुद्रात ये, मीबी येतो. आपटू आन् माघारी जाऊ."

"का रं?"

"त्यो जयसिंग मगापासनं तुझ्या कानाला लागलाय."

"त्यो कवा लागत न्हाई? म्या ऐकतो व्हय त्याचं? धडकंत तुझी चाल वाया, माझी वाया. तू रुमानियात उतर, मी बल्गेरियात. समुद्र मोकळा. इतकी वर्सं काय केलं?"

विक्रमनं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. मग हनुमंताच्या खिशाकडं त्याचं लक्ष गेलं. पुडीचा कागद फाटून खिशाला पिवळा डाग पडला होता.

"त्ये काय?"

"भंडारा. सटीचा. तुझ्यामाझ्यासाठीच आणलाय."

विक्रम हसला. "मग लाव हात. म्हण, काळा समुद्र मोकळा."

हे तो गमतीनं म्हणाला होता. हनुमंतानं गमतीनं उडवून लावलं असतं, तर विक्रमनं धडकेचा हट्ट धरला असता आणि डाव नेहमीसारखा रडतखडत चालला असता. पण हनुमंतानं पुडी काढली. अंगठा आणि बोट आत घातलं, चिमूट कपाळाला लावली.

"काळा समुद्र मोकळा. भंडाऱ्याची आण."

विक्रमचा चेहरा एकदम निवला. त्यानं हनुमंताच्या खांद्यावर थाप मारली आणि आत गेला.

व्हरांड्यात असताना हनुमंताचं ठरलं होतं का नव्हतं, हे त्याला स्वतःलाही पुढं कधी नीट सांगता आलं नाही. टेबलाशी बसल्यावर त्यानं पेन उचललं. समोर जयसिंग मिशीत हसत होता. नकाशावर रशियाचा पांढरा मुलूख नेहमीसारखा पसरलेला. हनुमंतानं लिहिलं, अंकाऱ्याचं जहाज काळ्या समुद्रात. चिठ्ठीची घडी घातली आणि डब्यात टाकली.

पोपटराव चिठ्ठ्या उघडून वाचायचे. गार्डाच्या आवाजात, स्टेशनांची नावं घ्यावीत तसे. रशियाची चिठ्ठी आधी आली. सेवास्तोपोलचं जहाज रुमानियात. ठरल्याप्रमाणं. मग त्यांनी दुसरी उघडली आणि चष्मा वर केला.

"ही कुणाची? हळद लागलीय."

चिठ्ठीच्या कोपऱ्यावर पिवळ्या अंगठ्याचा ठसा होता. पोपटरावांनी हुकूम वाचला. खंडूनं टेबलावर हात आपटला. जयसिंग तर खुर्चीतून उठलाच. "आरारा. भंडारा लावून कापला. म्या पारावरनं बघितलं, भंडारा लावला गड्यानं."

सगळे हसले. विक्रमही हसला. "लई भारी, हणम्या," म्हणाला, आणि पुढच्या चाली नीट डोकं लावून खेळला. पण समुद्र गेला की रशियाचं खालचं दार उघडंच. सेवास्तोपोल पडलं, मग मॉस्को. संध्याकाळी इन्स्टिट्यूटचा शिपाई दिवे लावायला आला तेव्हा हनुमंत पहिल्यांदाच जिंकला होता.

दोघं नेहमीच्या शटलनं परत निघाले. विक्रमनं शेंगदाण्याच्या पुड्या घेतल्या, एक हनुमंताला दिली. उसाच्या तोडीचं बोलला, मोटारीच्या बेअरिंगचं बोलला. खुटबावला उतरल्यावर फलाटाच्या टोकाला थांबून तो म्हणाला, "तुझं बोट अजून पिवळं हाय. घरी जायच्या आधी धू."

हनुमंतानं स्टेशनच्या नळावर हात धुतला. भंडारा लवकर निघत नाही. नखाच्या कडेला राहिलाच.

सटीच्या आधी गावात सप्ता होता. हनुमंत टाळकरी. बापानंच लहानपणी त्याच्या हातात टाळ दिले होते. गेणबा स्वतः गात नसत. ते मारुतीच्या देवळात खांबाला टेकून बसत आणि कीर्तन ऐकत. कीर्तन ऐकण्यातसुद्धा एक भक्ती असते, आणि ती ज्याला आली त्याला गाता आलं नाही तरी चालतं. बुवा हसवत तिथं गेणबा हसत, रडवत तिथं उपरण्याला डोळे पुसत, आणि चाल चढली की त्यांचा गुडघा आपोआप हलू लागे.

त्या संध्याकाळी बुवांनी आख्यानाला स्वप्नात दिलेल्या वचनापायी राज्य सोडणारा राजा घेतला. बुवा मोठे रसाळ. राजा झोपेतून उठतो आणि दारात ब्राह्मण उभा, तो प्रसंग त्यांनी असा लावला की मागं बसलेली पोरंसुद्धा गप्प झाली. "राजा म्हणाला असता, महाराज, ते सपान होतं," बुवा म्हणाले. "कोण बोललं असतं त्याला? सपनाला साक्षीदार आहे का? पण जीभ तर त्याचीच होती ना, माउली? झोपेतली जीभ वेगळी आणि जागेपणीची वेगळी, अशा दोन जिभा देवानं कुणाला दिल्यात?"

मृदंग्यानं तिहाई घेतली. टाळकऱ्यांनी एकदम उचलायचं होतं. हनुमंताचा टाळ मागं पडला. शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं मान वर केली तेव्हा पुरुषांच्या रांगेतून विक्रम त्याच्याकडं बघत होता. रागानं नाही. एखादा वळू विकत घ्यायच्या आधी माणूस लांबून बघतो, तसं.

खांबाशी गेणबा डोळे पुसत होते.

सटीच्या सकाळी वस्तीवर सडे घातले. हनुमंताची आई गिताबाईनं वांग्याचं भरीत, रोडगे केले. गेणबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पागोटं बांधलं. ओट्यापुढं घोंगडी अंथरली, जुनीच, बहात्तरची. तिच्यावर बेलाचं पान आणि हनुमंतानं आणलेली पुडी. पाचही घरांतली माणसं कडेनं बसली. एवढ्याशा कामाला एवढी माणसं नको होती, पण वाट सगळ्यांची होती.

विक्रम आला. गेणबांच्या पाया पडला. घोंगडीच्या कडेला बसला आणि पुडीकडं बघत राहिला.

"घे बाळा," गेणबा म्हणाले. "आधी तू, मग हणमंता."

"आबा, मी उचलत न्हाई."

कुणाला नीट ऐकू आलं नाही. गेणबांनी हात कानाशी नेला.

"तुमच्याबद्दल माझं काय म्हणणं न्हाई," विक्रम म्हणाला. "तुम्ही हाय तवर वाट हाय. लोकं जाऊ द्यात, कॅन जाऊ द्यात. पण हणमंताच्या भंडाऱ्यावर मी काय देत न्हाई, आन् काय घेत न्हाई."

"काय केलं त्यानं?"

"त्यालाच इचारा."

सगळे हनुमंताकडं वळले. त्यानं सांगितलं. दौंडचा खेळ, नकाशा, समुद्र. घोंगडीपुढं बसून सांगताना ते सगळं इतकं पोरकट वाटत होतं की कडेची दोन माणसं हसलीसुद्धा. "त्यात खोटं बोलायचंच असतंय आबा," हनुमंत म्हणाला. "खेळच तसा हाय. समदेच बोलत्यात. ह्यो विक्रमबी बोललाय, जयसिंगाला किती येळा."

"बोललोय," विक्रम म्हणाला. "तोंडानं. तुला मी धडक घे म्हणालो हुतो. भरवसा नव्हता म्हणूनच म्हणालो. तू माझा भरवसा भंडारा लावून इकत घेतलास. मी धडक मागितली आन् तू आण दिलीस."

"तूच म्हणालास हात लाव."

"म्हणालो. मला वाटलं, तू न्हाई लावणार."

गिताबाई पुढं आली. "आवो, पोरं खेळत्यात. बटणं आन् चिंचोकं मांडून खेळत्यात, बाप व्हायचं वय झालं तरी. त्यावरनं पाच घरांची वाट आडवता व्हय? विक्रम, तुझ्या आईला सांगू का मी?"

गेणबांनी हातानं तिला थांबवलं. हनुमंताला विचारलं, "भंडारा खरा व्हता?"

"आबा—"

"खरा व्हता का हळद व्हती?"

"खरा. जेजुरीचा."

"कंचा?"

हनुमंतानं घोंगडीवरच्या पुडीकडं बघितलं.

ओट्याच्या कडेला गाय हंबरली, कुणीतरी उठून तिला वैरण टाकून आलं. विक्रम अवघडला होता. तो म्हणाला, "आबा, मी म्हणालो ना, तुम्ही हाय तवर..."

"मी हाय तवर," गेणबा म्हणाले. "म्हंजी माझा जीव त्या रानात खुट्टीला बांधल्यावानी. न्हाई बाळा. भंडारा मी एकट्यानं उचलला नव्हता. घरानं उचलला हुता. त्या घरात आता खोटा उचलला गेला. तुझं बरोबर हाय."

त्यांनी पुडीची घडी घातली आणि कमरेला खोचली. घोंगडी झटकली. मग कुऱ्हाड घेऊन बांधावरच्या बाभळीकडं गेले. काय करताहेत ते लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला. म्हाताऱ्यानं बाभळीची एक मोठी फांदी तोडली, काट्यांसकट ओढत नेली आणि वाटेच्या तोंडाशी आडवी टाकली. मग दुसरी. विक्रम धावत गेला, "आबा, नका करू," म्हणाला. गेणबांनी त्याच्याकडं बघितलं नाही. हनुमंत जागचा हललाच नाही. शेवटी तिसरी फांदी ओढताना म्हाताऱ्याचा हात रक्तानं भरला, तेव्हा गिताबाईनं जाऊन दुसरं टोक धरलं. रडत रडत तिनं नवऱ्याबरोबर काटे लावले.

रोडगे कुणी खाल्ले नाहीत.

आता वस्तीवरून रस्त्याला जायचं म्हणजे चारीच्या कडेनं. कालव्याची ती चारी ओढ्यापर्यंत गेलेली, तिच्या भरावावरून एका माणसापुरती पायवाट, मग ओढा, मग चढ. दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन बायका जायच्या आणि हनुमंताच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या. "चला गं, समुद्रावरनं चला," पुतळाबाई म्हणायची. तिच्या घरी दोन गाई होत्या आणि गुडघ्यात वात. कुणी हनुमंताला सांगितलं, तहसीलदाराकडं अर्ज कर, वहिवाटीचा रस्ता असा बंद करता येत नाही. गेणबांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "बंद मी केलाय. माझ्यावर करा अर्ज."

विक्रमनं रानात ऊस लावला. गावात कुणी म्हणालं, त्याला वाट काढायचीच होती, निमित्त मिळालं. कुणी म्हणालं, नाही, त्याला खरंच लागलं. एक खरं, उसाच्या सऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना येऊन थांबल्या होत्या. मधला काळ्या मातीचा पट्टा त्यानं नांगरला नाही. तिथं पाऊलही टाकलं नाही.

हनुमंत नकाशाला पुन्हा गेला नाही. जयसिंग एकदा यार्डात भेटला. "आरं, जिंकलास आन् पळालास?" म्हणाला. हनुमंत हातातला कंदील पुसत राहिला.

गेणबा रोज संध्याकाळी देवळात हरिपाठाला जायचे. काठी टेकत, चारीच्या कडेनं. "घरी बसून म्हणा की," गिताबाई म्हणायची. ते ऐकायचे नाहीत. हनुमंतानं सायकलवर न्यायचं काढलं, तर म्हणाले, "भरावावर सायकल चालती व्हय? तू तुझ्या गाडीचं बघ." त्याच्याशी ते कडू बोलत नसत. जेवायला बसले की त्याच्या ताटात भाकरी वाढ म्हणत. पण घरात कसलाही शब्द द्यायची वेळ आली, कुणाकडं बैल मागायचा असो की पावणे यायचे असोत, की गिताबाईला पुढं करत. स्वतः बोलत नसत आणि हनुमंतालाही बोलू देत नसत.

पौषात चारीला पाणी सुटलं. भराव ओला झाला. गेणबा घसरले आणि खाली दगडावर पडले. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, या वयात आता पडूनच. विक्रम बघायला आला, उशाशी बसला. दोघं काय बोलले कुणी ऐकलं नाही. बाहेर येताना त्याचे डोळे लाल होते. हनुमंत दारात उभा होता. विक्रम म्हणाला, "वाट उघडू?" हनुमंतानं आतल्या खाटेकडं मान केली. विक्रम निघून गेला.

फाल्गुनात, सकाळच्या वेळी, गेणबा गेले. जायच्या आधी त्यांनी कमरेची पुडी काढायला लावली आणि गिताबाईच्या हातात दिली. हनुमंत समोर होता. त्याच्या हातात दिली नाही.

भजनी मंडळ आलं. तिरडी बांधली. पुढं हनुमंत, हातात विस्तवाचं मडकं. वस्तीतून बाहेर पडल्यावर समोरच वाटेचं तोंड. सगळे थांबले.

काटे बाजूला ओढलेले होते. विक्रम तिथं उभा होता, अनवाणी, सदरा काट्यांनी फाटलेला, एक फांदी अजून हातात. त्याच्यामागं काळा पट्टा सरळ रस्त्यापर्यंत गेला होता, दोन्ही बाजूंना कमरेएवढा ऊस.

"हणमंता," तो म्हणाला, "मोकळी हाय."

खांदेकऱ्यांनी हनुमंताकडं बघितलं. मागं दारात बायका उभ्या होत्या, पुतळाबाई होती. आज तिरडी या वाटेनं गेली तर उद्या कॅन जातील, हे त्यांना कळत होतं आणि हनुमंतालाही कळत होतं. मयताला कुणी अडवत नाही, आणि मयत ज्या वाटेनं गेलं ती वाट पुन्हा कुणी सहसा बंद करत नाही. एक पाऊल टाकायचं होतं. विक्रम खरं बोलत होता. त्या दिवशी व्हरांड्यातही तो खरंच बोलला होता.

मडक्यातला धूर हनुमंताच्या डोळ्यांत गेला. तो वळला आणि चारीच्या दिशेनं चालू लागला.

"पोरगं बापाहून आडमुठं," मागं कुणीतरी म्हणालं. खांदेकरी जरा घोटाळले, मग त्याच्यामागं निघाले. भरावावर वाट अरुंद. टाळकऱ्यांची रांग मोडली, एकामागं एक जावं लागलं. ओढा उतरताना तिरडी सांभाळायला हात लागले, तेव्हा भजन थांबलं. पलीकडं चढावर पुन्हा सुरू झालं तेव्हा सूर लागेना.

चढावरून हनुमंतानं मागं बघितलं. सगळ्यांच्या शेवटी, चारीच्या भरावावरून विक्रम येत होता.

दहनानंतर सगळे त्याच लांबच्या वाटेनं घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी हनुमंत घराबाहेर पडला. वाटेचं तोंड तसंच उघडं होतं, काटे कडेला पडलेले. पुतळाबाई कॅन घेऊन तिथं उभी होती. तिनं उघड्या वाटेकडं बघितलं, मग हनुमंताकडं. त्यानं खाली मान घातली. तिनं कॅन डोक्यावर घेतला आणि चारीकडं वळली.

काळ्या पट्ट्यात रात्रीचं दव पडलं होतं. त्याच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.